दोन फूट आत

आठ इंच आत गेला आणि पाईप अडकला.

घण मारला, हलला नाही. लाकडी ठोकळा आडवा धरून पुन्हा मारला, तर ठोकळ्याचे दोन तुकडे झाले आणि पाईप जिथल्या तिथे. मागे ओढावा म्हटलं तर मागेही येईना. मी शिव्या घातल्या. आधी पाईपाला, मग घणाला आणि शेवटी दुकानाचे मालक बाबालाल मेस्त्रींना. मेस्त्री त्या दुपारी दुकानात नव्हते, त्यामुळे त्यांना शिव्या घालणं सोयीचं होतं.

काम म्हाकू गडदेच्या यारीचं होतं. यारी म्हणजे विहीर खोदताना दगडमाती वर काढायची क्रेन. म्हाकू विहिरींची कंत्राटं घ्यायचा. त्याची यारी जुनी आणि चांगली होती, पण तिचा हात तोकडा पडायला लागला होता. लोक आता रुंद विहिरी खोदत होते आणि दगडमातीचा डबा मधोमध उतरत नव्हता. म्हणून यारीचा हात सोडवून त्याने आमच्या वेल्डिंगच्या दुकानात आणून टाकला होता आणि तो सहा फुटांनी वाढवायचा होता. हात चार इंची चौकोनी पाईपाचा. त्याच्या पोटात साडेतीन इंची पाईप दोन फूट घुसवायचा, सहा फूट बाहेर ठेवायचा आणि तोंडाशी चारी बाजूंनी वेल्डिंग करायचं. त्या बाहेरच्या टोकावरून तारेचा दोर जाणार, दोराला डबा लटकणार आणि रोज सकाळी त्या डब्यात चार माणसं उभी राहून खाली जाणार.

ऐकायला सोपं आहे. पण चौकोनी पाईप म्हणजे पत्रा वळवून कडेला कड जोडलेला असतो. बाहेरून तो जोड घासून साफ करतात, आतून कोण बघतो? आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंचवटा राहतो. आम्ही त्याला शिवण म्हणायचो. दोन पाईपांमध्ये फट किती, तर दोन पोस्टकार्डं सरकतील एवढी. शिवण त्याहून जाड. म्हणून आधी शिवण सोलायची. मेस्त्रींनी त्यासाठी स्वतः एक हत्यार केलं होतं, लांब सळईच्या टोकाला जुन्या छिनीचा तुकडा. ते आत घालून मागून हातोडा मारत जायचं, म्हणजे शिवणीची साल निघत येते. दोन फूट सोलायला आख्खी दुपार जाते आणि कंबरेचा काटा ढिला होतो.

मी आठ इंच सोलली होती. पुढचं घणाने जाईल, असं मला वाटलं.

सहा वर्षं मी त्या दुकानात होतो. अठ्ठावीस वय, घरी बायको, हाताला बऱ्यापैकी नाव. पण एकट्याने आख्खं काम करायची ती पहिली वेळ. सकाळी तारेचा दोर आणायला सांगलीला निघताना मेस्त्री म्हणाले होते, ‘‘हे काम तुझं, शिदा. मी बघायबी येणार न्हाय.’’ मी छाती काढून फिरत होतो. आता तो पाईप बाहेर काढायचा तर म्हाकूचा हात उभा फाडावा लागला असता, आणि मेस्त्रींना सांगावं लागलं असतं की मी शिवण सोलायचा कंटाळा केला.

चार वाजले होते. मी टेप लावला. बाहेर सात फूट चार इंच होता. पाहिजे होता सहा फूट. मी सोळा इंच कापला, टोक घासलं, तोंडाशी चौफेर वेल्डिंग मारलं. वेल्डिंग मात्र देखणं केलं, खोटं कशाला बोलू. वर तांबडा रंग फिरवला. मोजलं, तर बाहेरून सगळं बरोबर. आत काय आहे ते फक्त मला माहीत होतं. कापलेला सोळा इंचाचा तुकडा मी दुकानामागच्या वेड्या बाभळीत भिरकावून दिला.

साडेपाचला मेस्त्री आले. त्यांचं घर दुकानाला लागूनच. त्यांची दोन वर्षांची मुलगी मुमताज धावत आली आणि त्यांच्या कडेवर चढून बसली.

‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘काय?’’

‘‘झालं म्हटलं, मेस्त्री.’’

‘‘शिवण सोलली?’’

‘‘सोलली की.’’

मेस्त्री कुणाचं ऐकत नाहीत, अशी त्यांची त्या भागात ख्याती होती. काहीही सांगा, एकदा सांगून भागायचं नाही. दोनदा, तीनदा म्हणायला लावत. वर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अशी नजर रोखत की नवख्या माणसाला वाटे, हा आता अंगावर येणार. गिऱ्हाइकाने गेटवर सूर्य करा म्हणून सांगावं आणि मेस्त्रींनी मोर करावा. विचारलं तर म्हणत, ‘‘मोरच चांगला दिसतो.’’ गिऱ्हाईक हात जोडून मोर घेऊन जाई. आम्ही मागे हसायचो, मोठ्या कारागिराची खोड म्हणून सोडून द्यायचो.

त्या संध्याकाळी त्यांनी खरंच काम बघितलं नाही. ओल्या रंगावर मुमताजने बोट टेकवलं, ते त्यांनी आपल्या सदऱ्याला पुसलं आणि घरात गेले. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आम्ही विहिरीवर होतो. ढालगावच्या बाजूला, उघड्या माळावर. सत्तर फूट खोदाई झालेली, खाली काळा खडक. म्हाकूच्या माणसांनी हात यारीवर चढवला, बोल्ट आवळले, दोर ओवला. खाली जाणारी चौघं काठावर उकिडवी बसून तंबाखू मळत होती. त्यांच्यात म्हाकूचा धाकटा भाऊ बिरा होता. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि बाकीचे त्याला त्यावरून छळत होते.

‘‘आता हात लांब झाला, बिरा,’’ एक जण म्हणाला. ‘‘सासुरवाडीपर्यंत पोचतोय बघ.’’

सगळे हसले. मीही हसलो.

आमच्या दुकानाची एक रीत होती. पहिला डबा दुकानाचा. यारी नवी असो की दुरुस्त केलेली, पहिल्यांदा मेस्त्री एकटे डब्यात उभे राहून तळापर्यंत जात, तिथला एक खडा उचलून आणत आणि मालकाच्या हातावर ठेवत. मग बाकीच्यांनी बसायचं. खडा हातात पडल्याशिवाय म्हाकूची माणसं डब्याला शिवली नसती.

आणि त्याच्याही आधी टोला. मेस्त्री खिशातून लहान हातोडी काढत, डोळे मिटत, मान तिरकी करत आणि कामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवत जात. लोक कामं टाकून बघत. बाबालालच्या कानाला लोखंड कळतं, असं म्हणत. आणि लोखंड खरंच बोलतं. एकेरी पाईप ठणठणतो. जिथे आत दुसरा पाईप आहे तिथे आवाज दबतो, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा.

मेस्त्री शिडीवर चढले आणि यारीच्या बाजूने वाजवत निघाले. ठण. ठण. ठण. दबका आवाज जोडाच्या दोन फूट अलीकडे सुरू व्हायला हवा होता. ठण. ठण. एक फूट राहिला, तरी ठणच. जोडाला आठ इंच उरले आणि मग ठप, ठप. मी स्वच्छ ऐकलं. इतकं स्वच्छ की मला वाटलं, आता बिराही वळून बघणार.

हातोडी थांबली. मेस्त्रींनी डोळे उघडले आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

‘‘शिदा, आत किती हाय?’’

कळलं यांना, मी मनात म्हटलं. म्हाकू शेजारी उभा होता. चौघं बघत होती. सहा वर्षांची अब्रू माझ्या जिभेवर होती.

‘‘दोन फूट.’’

‘‘किती?’’

‘‘दोन फूट, मेस्त्री.’’

‘‘बरं,’’ म्हणाले आणि खाली उतरले. मला वाटलं, आता म्हणतील, तू बस डब्यात. म्हणाले असते तर बसलो असतो की पळालो असतो, ते आजही सांगता येत नाही. पण त्यांनी आपल्या चपला काढून काठावर नीट जोडीने ठेवल्या.

‘‘इंजिन चालू कर. लिव्हर तूच धर.’’

‘‘म्हाकूचा माणूस हाय की धरायला.’’

‘‘काम तुझं, लिव्हरबी तुझी.’’

ते डब्यात चढले. मी इंजिन चालू केलं. त्या यारीला एकच लिव्हर होती. मागे ओढली की डबा वर, दाबून धरली की जागेवर, सैल सोडली की खाली. मी मागे ओढली. डबा जमिनीपासून हातभर उचलला गेला. म्हाकूच्या दोघा माणसांनी दोरीने यारीचा हात ओढून विहिरीवर फिरवायला घेतला. मेस्त्री एका हाताने तारेचा दोर धरून उभे होते, बाजाराला निघाल्यासारखे निवांत. काठ संपला. त्यांच्या पायाखाली आता डब्याचा पत्रा होता आणि त्याखाली सत्तर फूट.

मी जोडाकडे बघत होतो. दुसरीकडे कुठे बघणार? वरच्या कोपऱ्यात तांबड्या रंगाला केसाएवढी रेघ दिसली. मग रंगाची एक खपली सुटली आणि गिरक्या घेत विहिरीत गेली.

मेस्त्रींनी हात खाली केला. सोड.

माझा हात हलेना.

पुन्हा खूण केली. ‘‘सोड की रं.’’

‘‘मेस्त्री, उतरा,’’ मी म्हणालो.

‘‘काय?’’

इंजिन ढगढगत होतं. मी ओरडलो, ‘‘उतरा. दोन फूट न्हाय. आठ इंच हाय.’’

म्हाकूने गर्रकन माझ्याकडे बघितलं. बिरा उभा राहिला. सगळ्या काठाने ऐकलं होतं. आणि मेस्त्री कपाळाला आठ्या घालून विचारत होते, ‘‘काय म्हणतोस?’’

मला तेव्हा त्यांचा असा संताप आला. कळलंय तरी वदवून घेतोय म्हातारा, चारचौघांत तिसऱ्यांदा. घसा फुटेपर्यंत ओरडलो, ‘‘आठ इंच! आतला पाईप आठच इंच हाय, मेस्त्री! मी खोटं बोललो!’’

त्यांनी मान हलवली. नाही समजलं. आणि पुन्हा हात खाली केला. सोड.

आठ बोटं दाखवायला दोन हात लागतात आणि माझा एक लिव्हरवर होता. तो सुटला असता तर डबा गेलाच असता. मी डावा पंजा उंच केला. पाच. मग तीन बोटं. पुन्हा पाच, पुन्हा तीन. मग तोच पंजा जोडाकडे नेला.

मेस्त्री त्या बोटांकडे बघत राहिले. मग वर जोडाकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि दुसराही हात दोरावर गेला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं, म्हणून मी ते ओळखलंच नाही. मला तो राग वाटला.

‘‘हात मागं घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘हळू. हिसका न्हाय.’’

दोघांनी दोरी मागे ओढायला घेतली. एक वीत, मग आणखी एक वीत. जोडातून करकर ऐकू येत होती, दात खाल्ल्यासारखी. डबा काठावर आला, तरी मेस्त्रींनी उडी मारली नाही. उडीचा हिसका बसला असता. डबा पुरता जमिनीवर आल्यावर मी तो टेकवला, मग ते बाहेर आले. चपला घातल्या. मी लिव्हरवरून हात काढला, तर बोटं सरळ होईनात.

ते माझ्याकडे आले नाहीत. बिराला म्हणाले, ‘‘दगड भर. चार माणसांचं वजन.’’

दगड भरले. या वेळी लिव्हर त्यांनी धरली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. डबा विहिरीवर गेला, दहा-बारा फूट उतरला असेल, आणि वेल्डिंग एका बाजूने उसवत गेलं. आठ इंचाचं ते शेपूट बाहेर निसटलं. पाईप, डबा, दगड, सगळं खाली. आवाज यायला जो वेळ लागला तो मी अजून विसरलेलो नाही. बिरा मटकन खाली बसला. तंबाखू मळणारा एक जण हातातली तंबाखू तशीच धरून विहिरीत बघत राहिला.

म्हाकू माझ्या अंगावर धावला. मेस्त्री मधे आले.

‘‘चूक माझी हाय. काम दुकानाचं. मी बघितलं न्हाय.’’

‘‘तुम्ही टोला मारला की, मेस्त्री,’’ म्हाकू म्हणाला.

मेस्त्री इंजिन बंद करायला वळले.

परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत यारीचा सोडवलेला हात मधे ठेवून आम्ही समोरासमोर बसलो होतो. आता हाकलतील, मग हाकलतील, करत मी वाट बघत होतो. दुकानात उतरल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं ते सळईचं हत्यार उचललं आणि माझ्या हातात दिलं. ‘‘सोल,’’ एवढंच म्हणाले. वाटेत नवा पाईप घेतला होता. मी यारीच्या हाताची शिवण पुरती दोन फूट सोलली, आणि संपेपर्यंत ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते. पाच दिवसांनी पुन्हा विहिरीवर गेलो. त्या दिवशी पहिल्या डब्यात मी होतो. तळात माझाच पाईप वाकडा होऊन पडला होता. त्याच्याजवळचा एक खडा उचलून आणला आणि म्हाकूच्या हातावर ठेवला. त्याने तो खिशात टाकला, माझ्याकडे न बघता.

पुढे माझं स्वतःचं दुकान झालं. कामाला आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगायचो. माझा खोटेपणा लपवला नाही, पण गोष्ट सांगायचो ती मेस्त्रींची. त्यांनी टोल्यावरून आठ इंच ओळखलं होतं, तरी मला शब्दाने दुखावलं नाही. माझ्या तोंडून खरं यावं म्हणून स्वतःचा जीव माझ्या हातात देऊन डब्यात उभे राहिले, आणि चारचौघांत तीनदा वदवून घेतलं, म्हणजे मी जन्मात विसरणार नाही. बाभळीतला तो सोळा इंचाचा तुकडाही मी शोधून आणून ठेवला होता. तो दाखवायचो. गोष्ट चांगली रंगायची.

तीस वर्षं मी ती तशीच सांगितली.

मग मेस्त्रींना ऐकू येईनासं झालं म्हणून मुमताजचा फोन आला. ती मिरजेला दिलेली होती. मी मेस्त्रींना आणि त्यांच्या बायकोला, आमच्या चाचींना, गाडीत घालून तिथल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, मुमताजही आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, ‘‘किती दिवस झाले हा त्रास?’’

मुमताजने कानाशी तोंड नेऊन विचारलं. मेस्त्रींनी हात उडवला. ‘‘असंल दोनचार वर्षं.’’

‘‘खोटं सांगू नगा,’’ चाची म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. ‘‘ही पाळण्यात हुती तवापासनं, बाई. पाळणा यांच्या उशाला. पोर टाहो फोडायची आन् हे आपले घोरायचे. मी भांडायची, बाप हाईसा का धोंडा. मग एक दिवस मागनं पातेली आपटून बघितली. वळून बघितलं न्हाय. तवा मला कळलं. मला आण घातली हुती, कुणाला सांगशील तर बघ. भैऱ्या मेस्त्रीला कोण काम देतंय म्हणून.’’

मुमताज हसली. तिच्या केसांत एक पांढरी बट होती. मला ती कडेवरची दिसली, दोन वर्षांची, बोटाला तांबडा रंग लागलेली.

बाईंनी कानाला यंत्र बसवलं. मेस्त्री बाहेर बाकावर येऊन बसले. रस्त्यावरच्या हॉर्नला दचकत होते, खुश होत होते. मी शेजारी बसलो.

‘‘मेस्त्री, मग तुम्ही टोला कशाला मारत होता?’’

‘‘लोकांस्नी बरं वाटायचं.’’

‘‘म्हाकूच्या यारीवर... तुम्ही वाजवलं आणि थांबला. मला विचारलं, आत किती हाय. तुम्हाला आवाजावरून कळलं होतं ना?’’

त्यांनी यंत्रावरचं बोट काढलं आणि सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं. आता त्याची गरज नव्हती.

‘‘मला कुठलं कळतंय,’’ ते म्हणाले. ‘‘दर टायमाला विचारायचोच मी. तू दोन फूट म्हणालास. मी बसलो.’’